तुमची ठमी ७७ ची नाही, ६० ची आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची मांजर ठमी येत्या दिवाळीत ११ वर्षांची होईल. मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं, या हिशेबाने ती ७७ ची आजीबाई झाली असं तुमच्या सासूबाई म्हणतात. पूर्वी ती ओट्यावरून एका झेपेत फ्रिजवर जायची, आता जात नाही, आणि 'वय झालं तिचं' म्हणून घरात कोणी ते मनावर घेतलेलं नाही. शिवाय पार्किंगमध्ये सापडलेला बंड्या नावाचा पाचेक महिन्यांचा बोका घरात आलाय. त्याचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं आणि ठमीचं त्याच्याशी जमेल का, हेही तुम्ही विचारलंय. मी गेली २३ वर्षं पुण्यात कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करते. सविस्तर लिहिते, कारण ठमीचा आणि बंड्याचा प्रश्न मला एकच वाटतो. मांजराचं वय सुरुवातीला इतकं धावतं की घरचे मागे पडतात, आणि पुढे इतकं गुपचूप सरकतं की घरच्यांना कळतच नाही.

आधी आकडा. सातने गुणायचा हिशेब मांजराला लागू पडत नाही. आम्ही वापरतो तो असा: पहिलं वर्ष म्हणजे माणसाची साधारण १५ वर्षं, दुसरं वर्ष संपताना २४, आणि तिथून पुढे दर वर्षाला ४. म्हणजे ६ वर्षांची मांजर चाळिशीची, १० वर्षांची ५६ ची, १५ वर्षांची ७६ ची. ११ ला ठमी ६० ची होते. नुकती नोकरीतून निवृत्त झालेली बाई डोळ्यांपुढे आणा, काठी टेकत चालणारी नव्हे.

सातचा हिशेब कुठे मोडतो ते बघा. त्या हिशेबाने एक वर्षाची मांजर म्हणजे दुसरीतली मुलगी. प्रत्यक्षात एक वर्षाची मांजर तोवर दोनदा बाळंत झालेली असू शकते. दुसऱ्या टोकालाही तेच. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात क्रीम पफ नावाची मांजर ३ ऑगस्ट १९६७ ला जन्मली आणि ६ ऑगस्ट २००५ ला गेली. ३८ वर्षं ३ दिवस. आजवरची सर्वांत दीर्घायुषी मांजर म्हणून तिची नोंद आहे. सातने गुणलं तर २६६ वर्षं होतात. पण आमच्या हिशेबानेही १६८ होतात, आणि माणसाचं नोंदलेलं सर्वाधिक वय १२२ आहे. म्हणजे आमचा तक्ताही अगदी टोकाला ताणला की तुटतो. तो एक सोयीचा अंदाज आहे, एवढंच धरून चाला. २०२१ मध्ये मांजरांच्या डीएनएवर वयानुसार होणाऱ्या रासायनिक खुणा मोजून त्यांचं जैविक वय काढण्याचं संशोधन प्रसिद्ध झालं; उद्या कदाचित रक्ताच्या थेंबावरून नेमकं उत्तर मिळेल. आज मात्र आम्ही दात, डोळे, स्नायू आणि वजन बघूनच बोलतो.

आता बंड्याकडे येते, कारण मांजराच्या वयातला खरा वेग त्याच्याच वयात दिसतो.

नवजात पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, एखाद्या मध्यम कांद्याएवढं. डोळे मिटलेले, कान दुमडलेले. स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही. आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान डोळे उघडतात. माणसाच्या बाळाला जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला साधारण पाच महिने लागतात, पिल्लू ते दोन आठवड्यांच्या आत उरकतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढचे दुधाचे दात फुटतात आणि दोन महिन्यांपर्यंत २६ दुधाचे दात पूर्ण होतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडून द्या, पण फिरवणं अगदी खरं आहे. पिल्लं महिन्याची होत आली की आई जागा बदलते. नेमक्या त्याच सुमाराला ती धडपडायला, खेळायला, बाहेरचं जग हुंगायला लागलेली असतात.

या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाच्या डोक्यात 'आपलं कोण आणि परकं कोण' हे ठरतं. या पाच आठवड्यांत माणसाचा प्रेमळ हात रोज लागला, मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, लहान मुलांचा गोंगाट कानावर पडला, तर ते पिल्लू आयुष्यभर माणसाळलेलं राहतं. हे पाच आठवडे कोरडे गेले तर पुढे सहा महिने माया करूनही ते पलंगाखालीच बसतं. माणसाच्या मुलाची पहिली दोन-तीन वर्षं इथे पाच आठवड्यांत आटपतात. म्हणून मी लोकांना कळकळीने सांगते की पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, पण त्या आठ आठवड्यांत त्याला आईजवळच रोज हाताळा.

बंड्याचं वय पाच महिने हा अंदाज बरोबर आहे का, ते तुम्हीही बघू शकता. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत ३० पक्के दात पूर्ण होतात. पाचव्या महिन्याच्या आसपास सुळे बदलतात. त्याचा वरचा ओठ अलगद वर उचला. एकाच ठिकाणी दोन सुळे शेजारी-शेजारी दिसले, एक सुईसारखा बारीक आणि एक जाडसर, तर तुमचा अंदाज पक्का. कधी गादीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडतो आणि घरचे घाबरून फोन करतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बहुतेक दात तर पिल्लं गिळूनच टाकतात. पक्के दात सगळे आले की मात्र दातांवरून वय सांगणं अवघड होतं, मग आम्ही दोन-तीन वर्षांच्या फरकाने अंदाजच बांधतो.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एक ताई टॉवेलमध्ये गुंडाळून मांजरी घेऊन आल्या. डोळ्यांत पाणी. "डॉक्टर, हिची कंबर मोडलीय. जमिनीवर लोळतेय, ओरडतेय, मागचा भाग वर करून पाय आपटतेय." मांजरी साडेपाच महिन्यांची. मी तपासायला तोंड उघडलं तर एक दुधाचा सुळा अजून जागेवर होता. कंबर ठणठणीत होती. ती माजावर आली होती. तोंडात बाळाचा दात आणि पोटात आई व्हायची तयारी, एकाच वेळी. तक्त्यात सहा महिन्यांचं मांजर म्हणजे माणसाचं दहा वर्षांचं मूल असं लिहिलेलं असतं. उंची-वजनाच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण शरीर त्या वयात गर्भ धरू शकतं, हे तक्त्यात कुठेच दिसत नाही. काही मांजरी तर चौथ्या महिन्यातच माजावर येतात.

म्हणून ऑपरेशनचं उत्तर सरळ आहे: पाच महिन्यांच्या आसपास, म्हणजे बंड्याच्या बाबतीत आत्ता. लसी झालेल्या असाव्यात, तो खेळता-खाता असावा, एवढं बघायचं. बोक्याने एकदा पडद्यांवर, सोफ्यावर लघवीच्या चिळकांड्या मारायची सवय लावून घेतली की ऑपरेशननंतरही काहींची ती सवय जात नाही. बोका बाहेर भटकायला, मारामाऱ्या करायला लागला की चाव्यातून येणारे आजार आणि गाड्यांखाली येणं हे दोन धोके वाढतात.

मांजरीच्या बाबतीत कारण आणखी गंभीर आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलेल्या ऑपरेशनचा या बाबतीत फायदा दिसला नाही. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग ऑपरेशन करू' हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्या एका बाळंतपणाने मांजरीचं काहीच भलं होत नाही. आणि माणसासारखी पाळी जाणं हा प्रकार मांजरीत नसतो. प्रजननक्षमता उतरते, पण दहा वर्षांची मांजरीही गाभण राहू शकते. 'आता कुठे होणार तिला पिल्लं' म्हणून कोणी गाफील राहू नये. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात आणि गाभण राहिल्या नाहीत तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतात. घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट जळत असतील तर त्यांच्या शरीराला बारा महिने दिवस मोठाच वाटतो.

शरीर वर्षभरात मोठं होतं, स्वभाव नाही. हाडांची वाढ दीड-पावणेदोन वर्षांपर्यंत चालते, मेन कूनसारख्या दांडग्या जातींत तीन-चार वर्षंही. आणि मांजराचा स्वभाव पक्का होतो तो दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. 'दोन वर्षं एका ताटात जेवणारी, एकमेकांच्या अंगावर झोपणारी भावंडं अचानक वैरी का झाली' असा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. उत्तर हेच: लहानपणीची सलगी संपली आणि आपापली हद्द आखायचं वय आलं. तुमच्याकडे आज बंड्या ठमीच्या शेपटीवर झडप घालतोय, तो खेळ आहे. दीड-दोन वर्षांनी तोच ठमीची खिडकी, ठमीचा वाडगा, ठमीची खुर्ची मागायला लागेल, आणि तेव्हा ती ६८ ची असेल. त्याची तयारी आजच करा. मांजरं दोन तर लिटर ट्रे (शी-शूच्या वाळूचे) तीन, आणि तेही एकाच बाल्कनीत ओळीने नकोत. जेवायच्या जागा वेगळ्या, एकमेकांना न दिसणाऱ्या. ठमीला एक अशी उंच जागा हवी जिथे बंड्या पोचणार नाही, पण ती पायऱ्या-पायऱ्यांनी सहज चढेल. बंड्याला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून दमवा, म्हणजे त्याची मस्ती ठमीवर निघणार नाही.

तीन ते सहा ही वर्षं सुखाची. या काळात मी बहुतेक मांजरांना लसीपुरतीच भेटते. एकच सांगते: ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज पाव हिश्श्याने तरी कमी होते. फ्लॅटमधल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० कॅलरीच्या आसपास पुरतात. वाटी भरलेली ठेवायची आणि संपली की पुन्हा भरायची, ही पद्धत मांजराला साडेसहा किलोवर नेते आणि तिथून मधुमेह फार लांब नसतो. आणि दूध-पोळी. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या मांजराला दूध-पोळी घालत आल्या आणि मांजरं जगली, हे मी रोज ऐकते. ती मांजरं दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या खात होती. दूध-पोळी वरचा खाऊ होता. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच, म्हणजे मांस-मासळीतूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर हृदय कमकुवत होतं आणि नजर जाते. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? त्यातून मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही, पोट बिघडतं.

आता ठमी.

अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशन आणि तिथल्या मांजरांच्या डॉक्टरांची संघटना यांनी २०२१ मध्ये वयाचे टप्पे नव्याने आखले. एक वर्षापर्यंत पिल्लू, ६ पर्यंत तरुण, ७ ते १० प्रौढ, १० च्या पुढे ज्येष्ठ. ठमी ज्येष्ठ आहे, ते खरं. पण 'ज्येष्ठ आहे' हे उडी न मारण्याचं कारण होऊ शकत नाही. साठीच्या बाईंनी अचानक जिना चढणं सोडलं तर आपण गुडघा दाखवायला नेतो. मांजराच्या बाबतीत तेवढं का करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२००२ मध्ये बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. ९० मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. मग ही मांजरं लंगडत का नाहीत? कारण दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखंच असतं, आणि मांजर दुखणं लपवतं. ते ओरडत नाही, ते एकेक गोष्ट सोडून देतं. आधी फ्रिज सुटतो. मग ओट्यावर एका उडीत न जाता आधी स्टुलावर, मग ओट्यावर. उतरताना पुढचे पाय भिंतीवरून घसरत घसरत खाली येतात. पाठ चाटण्यासाठी वळता येत नाही म्हणून कमरेजवळचे केस गुंतून गठ्ठे होतात. नखं पूर्वीसारखी घासली जात नाहीत, ती जाड होऊन वळतात आणि चालताना गोधडीत अडकतात. ठमीच्या कमरेवरून हात फिरवून बघा, आणि फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज येतो का ते ऐका.

एका आजोबांची १३ वर्षांची चिंगी ट्रेशेजारी, बरोबर ट्रेला लागून, शी करायची. सूनबाई वैतागल्या होत्या. बाळ घरात आल्यापासून मांजर राग काढतेय, असं सगळ्यांचं मत झालं होतं. मी ट्रेचा फोटो मागवला. कडा चांगली वीतभर उंच. चिंगी ट्रेपर्यंत रोज इमानाने येत होती, पण पाय उचलून आत जाणं तिला जमत नव्हतं. आजोबांनी ब्लेड तापवून एका बाजूची कडा चार बोटांवर आणली, धार बोचू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवसापासून चिंगी आत जायला लागली. आजोबा फोनवर रडले. तिला तीन महिने दुखत असताना तिच्यावर सगळे ओरडत होते, म्हणून.

सांधेदुखीवर करण्यासारखं बरंच आहे. वजन आटोक्यात आणणं, आवडत्या जागांपर्यंत स्टूल किंवा पायऱ्या, मऊ आणि उबदार अंथरूण, ओमेगा-३, आणि डॉक्टरांनी मोजून दिलेली वेदनाशामक औषधं. पण घरातलं औषध देऊ नका. हे वाक्य पुन्हा वाचा, ही माझी विनंती आहे. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. तापासाठी आपण घेतो ती ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त तपकिरी होतं, हिरड्या मातकट पडतात, तोंड सुजतं. दिली गेलीच असेल तर सकाळची वाट न बघता तेव्हाच निघा.

आता वजन, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. चार किलोच्या मांजराचं ३०० ग्रॅम वजन उतरलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, केसांत ते लपतं. पण ते साडेसात टक्के आहे. ६५ किलोच्या माणसाचं आपोआप पाच किलो वजन उतरलं तर घर हादरतं. मध्यमवयात मांजराचा कल जाड होण्याकडे असतो, आणि अकरा-बारानंतर गाडी उलटी फिरते: चरबी आणि प्रथिनं पूर्वीसारखी पचत नाहीत, गरज उलट वाढते, स्नायू झडतात. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं तर मणके मण्यांच्या माळेसारखे लागायला लागतात. म्हणून 'म्हातारी झाली, आता थोडंच घाला' हे चूक आहे. तिला चांगल्या प्रतीचं, भरपूर प्रथिनांचं, थोडं थोडं करून चार-पाच वेळा खायला हवं. आणि भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉईड आणि साखर तपासायलाच हवी. दोन्ही आजार औषधाने आवरता येतात. दर महिन्याच्या एक तारखेला ठमीला कॅरिअरसकट वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्या कॅरिअरचं वजन वजा करा, आणि आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. सहा महिन्यांचे सहा आकडे घेऊन जो माणूस माझ्याकडे येतो, त्याने माझं निम्मं काम करून ठेवलेलं असतं.

किडनीचं सांगते. "हल्ली छान पाणी पिते हो," असं कौतुकाने सांगितलं की मला काळजी वाटते. मांजर मुळात वाळवंटी पूर्वजांचं, कमी पाण्यावर भागवणारं, घट्ट लघवी करणारं. किडनी थकली की लघवी पातळ आणि जास्त होते, म्हणून तहान वाढते. ट्रेमधले वाळूचे गोळे लिंबाएवढे होते ते मोसंबीएवढे व्हायला लागले, ही घरात दिसणारी पहिली खूण. रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं, म्हणून फक्त त्यावर भागत नाही. लघवीची घनता बघायची, किडनीचा बिघाड लवकर दाखवणारी एसडीएमए नावाची रक्ततपासणी जमली तर करायची. दहाच्या पुढच्या मांजरांत जवळपास तिघांतल्या एकाला किडनीचा जुनाट आजार असतो. लवकर कळला तर आहार बदलून, पाणी वाढवून कित्येक मांजरं पुढे अनेक वर्षं मजेत राहतात.

किडनी किंवा थायरॉईडसोबत रक्तदाब वाढतो. मांजर एका रात्रीत आंधळं होतं, बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहतात, ते भिंतीला धडकतं. हे म्हातारपणाचं आंधळेपण नाही, डोळ्याचा पडदा सुटलेला असतो, आणि रक्तदाबाचं औषध वेळेत सुरू झालं तर कधी कधी थोडीफार दृष्टी वाचते. मांजराचा रक्तदाब मोजता येतो, छोटा पट्टा असतो पायाला लावायचा. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रात्री दोन-तीनला उगाच मोठ्याने ओरडणं, ओळखीच्या खोलीत हरवल्यासारखं उभं राहणं, हे मेंदूच्या वयाचंही लक्षण असू शकतं. पंधरा वर्षांपुढच्या निम्म्या मांजरांत असे काही ना काही बदल दिसतात. पण तो शिक्का आम्ही शेवटी मारतो, आधी दुखणं, थायरॉईड, रक्तदाब आणि कान तपासून. दातांचंही तसंच. खायला येऊन, वास घेऊन, वाडग्यापासून परत जाणारं मांजर नखरे करत नसतं, बहुतेक वेळा त्याचं तोंड दुखत असतं.

काही बदल मात्र निव्वळ वयाचे असतात, त्यांनी घाबरू नका. केशरी मांजरांच्या नाकावर, ओठांवर, हिरड्यांवर तिळासारखे सपाट काळे ठिपके येतात. डोळ्याच्या मध्यावर हलकी निळसर धुरकट छटा दिसते, नजर मात्र शाबूत असते. बुबुळाची कड विरलेल्या कापडासारखी होते. झोप वाढते. फुगलेला, वाढत जाणारा किंवा रक्त येणारा ठिपका असेल तर मात्र दाखवा.

ठमीकडे अजून किती वर्षं आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळींमधून मला ते दिसलं. ब्रिटनमधल्या मांजरांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आयुर्मानाचे तक्ते प्रसिद्ध झाले. जन्मतः सरासरी आयुर्मान ११.७ वर्षं निघालं, माद्यांचं नरांपेक्षा सुमारे सव्वा वर्ष जास्त. बर्मीज जातीचं १४.४, स्फिंक्स या बिनकेसाच्या जातीचं अवघं ६.७. सरासरी ११.७ वाचून दचकू नका. तो आकडा जन्मापासूनचा आहे, त्यात लहानपणीच गेलेलीही धरलेली आहेत. जी मांजर अकरापर्यंत धड पोचली, तिच्यापुढे सहसा आणखी काही चांगली वर्षं असतात. माझ्याकडे १७-१८ वर्षांची साधी गावठी मांजरं येतात, आणि बहुतेक घरात राहिलेली, ऑपरेशन झालेली, वेळच्या वेळी तपासलेली असतात.

तपासणी वर्षातून एकदा असं बरेच जण धरून चालतात. ठमीसाठी एक वर्ष म्हणजे चार वर्षं. ६० ला दाखवलं, मग थेट ६४ ला. म्हणून दहाच्या पुढे दर सहा महिन्यांनी न्या: वजन, तोंड, सांधे, रक्तदाब, रक्त, लघवी, थायरॉईड.

या आठवड्यात एवढं करा. ठमी सोफ्यावर चढताना, उतरताना आणि जिना असेल तर जिन्यावरून येताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. क्लिनिकच्या टेबलावर मांजर भीतीने ताठ बसतं, चालून दाखवत नाही, त्यामुळे तुमचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मला तासाभराच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो. फ्रिजशेजारी एक भक्कम, न डगमगणारं स्टूल आजच ठेवा. कॅरिअर माळ्यावरून चार दिवस आधी काढून हॉलमध्ये उघडा ठेवा, आत तिची नेहमीची चादर घाला, न धुता, तिच्याच वासाची. बंड्याला त्याच दिवशी आणू नका. त्याची वेळ वेगळी घ्या, आणि ठमी घरी परतली की दोघांना तासभर वेगळ्या खोल्यांत ठेवा. दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या मांजराला घरचं दुसरं मांजर पटकन ओळखत नाही.